गौरीचे दागिने काळे पडलेत: घरी काय करावं, काय अजिबात करू नये?

रानजाई

नमस्कार मंडळी. यंदा गौरी पहिल्यांदाच आमच्याकडे पुण्यात बसणार आहेत. गुडघ्यांमुळे सासूबाईंना साताऱ्याच्या घरी एवढी उस्तवार झेपत नाही, म्हणून मुखवटे, साड्या, दागिन्यांचा डबा असं सगळं बिऱ्हाड इकडे हललं. काल डबा उघडला आणि पोटात गोळाच आला. चांदीचा कमरपट्टा काळाठिक्कर. तोडे आणि पैंजण मधूनमधून पिवळट, मधूनमधून निळसर. सोन्याची बोरमाळ आणि ठुशी काळी नाही, पण अगदी निस्तेज. एक मोत्यांची नथ आहे, सासूबाईंच्या सासूबाईंची. तिचे मोती पिवळे झालेत. शिवाय धाकट्या गौरीसाठी नंतर घेतलेला एक ग्रॅमवाला सेट आहे, त्याचा साज तर चक्क तांबडा दिसतोय.

घरातले सल्ले: आई म्हणते टूथपेस्ट. जाऊबाई म्हणतात लिंबू आणि मीठ. नवऱ्याने कुठलातरी व्हिडिओ दाखवला, त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या कागदावर गरम पाणी ओतलं की चांदी एका मिनिटात पांढरी. सासूबाई म्हणतात, "सोनाराकडे टाक, पण समोर बसून करून घे." यातलं काय खरं? आवाहनाला अजून आठ-दहा दिवस आहेत. घरात काय होईल आणि काय होणार नाही, ते सांगा.

चिंचगूळ

टूथपेस्ट. पांढरी घ्यायची, जेलवाली नाही. मऊ ब्रश, कोमट पाणी. विषय संपला.

बंडूकाका

आमच्या मातोश्रींनी देवाची चांदी जन्मभर रांगोळीने घासली. वर चिंचेचा कोळ. काही झालं नाही. हल्ली सगळ्यालाच शास्त्र लागतं.

हुपरीकर

काका, राग मानू नका, पण झालं असणार. हळूहळू झालं म्हणून दिसलं नाही. मातोश्रींच्या ताम्हनावर नाव कोरलेलं असेल तर बोट फिरवून बघा, अक्षरं बोटाला लागतात का. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. चांदी मऊ धातू आहे, नखापेक्षा जेमतेम कडक. टूथपेस्टमध्येही दातांवरचा थर घासायला खडूसारखी किंवा सिलिकाची बारीक पूड असते. तिने चांदी चमकते हे खरं, पण ती चमक म्हणजे एकाच दिशेने उमटलेले हजारो बारीक ओरखडे. उन्हात तिरकं धरून बघितलं की कळतं.

मी हुपरीचा. आमच्याकडे घरोघरी चांदीचं काम चालतं: एका घरात तार ओढतात, दुसऱ्यात कड्या जोडतात, तिसऱ्यात घुंगरू लावतात. पैंजण असं दारोदार फिरून तयार होतं. त्यामुळे रानजाईताई, मी उलटं सांगतो. कशाने घासायचं हे नंतर बघू. आधी डबा पांढऱ्या पंचावर रिकामा करा आणि कुठली वस्तू कशाची आहे ते ठरवा. घरी दागिने बिघडतात ते काळे पडून नव्हे. सगळ्यांना एकच औषध लावलं की बिघडतात.

बघायचं काय? चांदीवर आतल्या बाजूला, फाशाजवळ ९२५ किंवा तसा काही शिक्का आहे का. जुन्या गावठी मालावर बहुतेक नसतोच, टंच म्हणजे चांदीची शुद्धता कमी-जास्त असायची. दागिना भरीव आहे की पोकळ. पोकळ असेल तर आत लाख, म्हणजे भरावाची राळ, आहे का. खडे कोंदणात चापलेले आहेत की चिकटवलेले. दोरा रेशमाचा आहे की तारेत ओवलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कमरपट्ट्यावर नक्षी असेल तर खोलगट भागातला काळा रंग नंतर आलाय की घडवणाऱ्यानेच ठेवलाय.

रानजाई

हुपरीकर, हा शेवटचा प्रश्न डोक्यातच आला नव्हता. कमरपट्ट्यावर मोर आणि वेलबुट्टी आहे. वरचा भागही काळा आणि खाचाही काळ्या. कसं ओळखायचं?

हुपरीकर

न दिसणाऱ्या कडेला, मागच्या बाजूने, मऊ सुती कापडाने जरा चोळून बघा. साधं धुतलेलं जुनं धोतर चालेल. वरचा उठाव थोडक्यात पांढरा होऊ लागला आणि खाच तशीच काळी राहून मोर उठून दिसायला लागला, तर तिथेच थांबायचं. जुन्या कामात खाचांमध्ये गंधकाच्या क्रियेने काळेपणा मुद्दाम आणतात, त्याशिवाय नक्षी डोळ्यात भरत नाही. तो गेला की मोराचा नुसता पांढरा फुगवटा राहतो. गिऱ्हाईक मग आमच्याकडे येतं, "पूर्वीसारखं करून द्या" म्हणून.

खडू_फळा

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक आहे, राहवत नाही म्हणून लिहितो.

लोखंड गंजतं तशी चांदी हवेतल्या ऑक्सिजनने काळी पडत नाही. तिला लागतो गंधक. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अगदी अल्प प्रमाणात असतोच. चांदीच्या पृष्ठभागावर त्याने सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. थर फार पातळ असताना प्रकाशामुळे तो पिवळा, तांबूस, निळसर दिसतो. जाड झाला की काळा. रानजाईंच्या पैंजणांवर पिवळं आणि निळं दोन्ही आहे म्हणजे तिथे थर अजून पातळ आहे, ते लवकर निघेल. कमरपट्ट्याला वेळ लागेल. ९२५ च्या चांदीत उरलेला ७.५ टक्के भाग बहुधा तांब्याचा असतो आणि तेही काळं पडायला हातभार लावतं. शुद्ध चांदी त्या मानाने सावकाश काळवंडते, पण ती इतकी मऊ की तिचा रोज वापरायचा दागिना टिकत नाही.

आता तो अ‍ॅल्युमिनियमचा प्रकार. व्हिडिओत दाखवतात म्हणून खोटा समजू नका, पद्धत अगदी खरी आहे. भांड्याच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमचा कागद, चकचकीत बाजू वर की खाली याने काही फरक पडत नाही. लिटरभर कडकडीत गरम पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा. धुण्याचा सोडाही चालतो, फक्त त्याला हात लावू नका. दागिना त्या कागदाला टेकलेला हवा, नुसता पाण्यात तरंगता नको. अ‍ॅल्युमिनियम चांदीपेक्षा फार क्रियाशील असल्यामुळे चांदीला चिकटलेला गंधक ते स्वतःकडे ओढतं आणि चांदी परत धातुरूपात जागेवरच राहते. सडक्या अंड्यासारखा वास येईल, तो त्या गंधकाचा. खिडकी उघडी ठेवा. घासण्यात काळ्या थरासोबत त्यात अडकलेली चांदीही कापडावर निघून जाते. इथे ती जात नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

काढल्यावर चांदी जरा चुन्यासारखी पांढरी आणि बिनचमकेची दिसेल. घाबरू नका. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवून, कोरडी करून मऊ कापडाने चोळली की चमक येते.

हुपरीकर

सर, एकदम बरोबर. फक्त तळटीप टाकतो. ही पद्धत मुद्दाम ठेवलेला काळेपणा ओळखत नाही, सगळाच धुते. म्हणून ताई, पैंजण आणि साधे तोडे यात घाला, कमरपट्टा नाही. मिना असलेलं, खडे चिकटवलेलं, मोती, पोवळं, लाख, यातलं काहीही त्या गरम पाण्यात नको. आणि पैंजणाच्या घुंगरांत पाणी शिरून बसतं. झटकून, पंचात गुंडाळून पंख्याखाली पसरून ठेवा, पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात टाकू नका.

नाचणी

माझ्या ऑक्सिडाइज्ड नेकपीसला मी हे केलं होतं. फॉइल, सोडा, गरम पाणी, सगळं. काहीही झालं नाही!! पाणी थंड झालं फक्त.

खडू_फळा

मग त्यात चांदी नसावी. जर्मन सिल्व्हर असेल. नाव चांदीचं, पण आत तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा कणही नाही. बाजारात "ऑक्सिडाइज्ड" म्हणून मिळणारा बराचसा माल पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा असतो, वर काळा मुलामा देऊन.

नाचणी

म्हणजे फसवलं गेलं की काय? दोनशे रुपयांना घेतलं होतं, सर.

चिंचगूळ

दोनशे रुपयांत चांदी देणारा दुकानदार सापडला की पत्ता इथे टाका, आम्ही सगळे येतो.

सोनचाफा

जरा विषयांतर. माझ्या सहा महिन्यांच्या बाळाचे चांदीचे वाळे आणि मनगट्या पंधरवड्यात काळ्या पडतात. आमच्याकडच्या एक आजी म्हणतात बाळाची नजर चांदीवर उतरतेय. दुसऱ्या म्हणतात, अंगात उष्णता वाढलीय, डॉक्टरकडे न्या. खरंच तब्येतीशी संबंध असतो का?

बंडूकाका

असतो. आमच्याकडे पूर्वापार मानतात.

खडू_फळा

काका, तुमच्या घरात चांदीची वाटी कपाटात पडून काळी पडते, तेव्हा वाटीला कुणाची नजर लागते?

सोनचाफा, घामात गंधकाची संयुगं असतात, क्षारही असतात. त्यात बाळाला तेल लावायचं, साबण लावायचा, आणि वाळे चोवीस तास अंगावर. मसाज करणाऱ्या बाईच्या हाताला कांदा-लसणाचा अंश असेल तर तेवढाही पुरतो. त्वचेवर गंधकाचं मलम लावलं असेल तर चांदी एका दिवसात काळी होते. त्यावरून बाळाच्या प्रकृतीचं निदान होत नाही. बाळ दूध नीट पीत नसेल, ताप असेल, तर त्यासाठी डॉक्टरकडे जा. वाळ्याच्या रंगासाठी नको.

हुपरीकर

आणि रंगापेक्षा एक गोष्ट जास्त बघा ताई. मनगट्यांचे काळे-पांढरे मणी ज्यात ओवलेत तो दोरा, आणि वाळ्याचे घुंगरू. बाळ आता सगळं तोंडात घालणार. घुंगरू ढिलं वाटलं तर काढून ठेवा. स्वच्छ करायला बाळाचाच सौम्य साबण आणि कोमट पाणी पुरे, बाळाच्या चांदीला कसलीही पावडर किंवा द्रावण लावू नका.

गुजरीची_सून

मी कोल्हापूरची. सासरचं दुकान गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात. चांदीवर भरपूर झालं, आता सोन्याकडे या, कारण नुकसान झालं तर तिथे ते जास्त महाग पडतं.

रानजाई, बोरमाळ कृपया पाण्यात घालू नकोस. पारंपरिक बोरमाळेचा मणी भरीव सोन्याचा नसतो. आत लाख आणि वरून सोन्याचा पातळ पत्रा. कोल्हापुरी साजाच्या पानड्यांतही लाख भरलेली असते. म्हणूनच एवढा भरघोस दिसणारा दागिना थोडक्या सोन्यात होतो. लाख साठ-सत्तर अंशांना मऊ पडायला लागते. उकळतं पाणी, हेअर ड्रायरची गरम हवा, उन्हात गॅलरीत वाळत घालणं, यातलं काहीही केलं की पत्रा आतून सैल होतो आणि बोटाने दाबला तरी चेपतो. शिवाय लाखेच्या भोकातून पाणी आत गेलं तर दोरा कुजतो, तो बाहेरून दिसत नाही, मग ऐन हळदीकुंकवात मणी घरभर.

बोरमाळेसाठी असं कर. रिठे रात्री भिजत घाल, सकाळी चोळून फेस काढ. त्या फेसात मऊ कापड बुडवून घट्ट पिळ, आणि एकेक मणी हलक्या हाताने पूस. लगेच साध्या पाण्याच्या ओलसर कापडाने, मग कोरड्याने. सोनं स्वतः काळं पडत नाही, २२ कॅरेटमध्ये तांबं-चांदी मिळून जेमतेम ८ टक्के असतं. तुला निस्तेज दिसतंय तो तेल, पावडर, हळदी-कुंकू आणि साबणाचा थर आहे. तो निघाला की झालं. ठुशीचंही तसंच. फक्त तिचे बारीक मणी एकमेकांना घासून मळ आत बसलेला असतो, तिथे लहान मुलांचा एकदम मऊ ब्रश चालेल. गोंडा ओला करू नकोस. ठुशीची ओढ सैल झाली असेल तर पटवेकऱ्याकडे देऊन गाठवून घे. दोरा बदलायला फार खर्च येत नाही आणि आवाहनाआधी होईल.

रानजाई

बाप रे. मी सगळं एकत्र बादलीत टाकणार होते.

गुजरीची_सून, सोन्याचा भरीव दागिना असेल, म्हणजे पाटल्या, साधी चेन, तर?

गुजरीची_सून

त्या खुशाल रिठ्याच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडव, ब्रशने घास, धू. रिठे नसतील तर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. खाली गाळणी ठेव, बेसिनच्या भोकावर. एवढं साधं सांगून ठेवते, कारण दुकानात येणाऱ्या बायकांच्या गोष्टी ऐकते.

सोन्याला खरी भीती दोन गोष्टींची. एक, कपड्यांचं ब्लीच आणि फरशीचे क्लोरीनवाले क्लीनर. त्याने सोन्यातल्या इतर धातूंवर परिणाम होऊन डाग देऊन जोडलेले सांधे ठिसूळ होतात. रोज मंगळसूत्र घालून बाथरूम धुणाऱ्यांची कडी एक दिवस पट्कन तुटते, ती बरेचदा यामुळे. दुसरी, पारा. जुना थर्मामीटर किंवा बीपीचं यंत्र फुटलं आणि अंगठीला पारा लागला तर सोनं पांढरं पडतं. ते घासून जात नाही. घरी गॅसवर तापवून काढायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, ती वाफ विषारी असते. बाटलीत बंद करून सोनाराकडे न्या आणि त्याला आधीच सांगा की पारा आहे.

अमृता_एडिसन

न्यू जर्सीहून. आमच्याकडे चांदीसाठी बुडवून काढायचं द्रावण मिळतं, काही सेकंदात लख्ख. भारतातही ऑनलाइन दिसतं. ते कसं? माझ्या देवघराची चांदी मी त्यानेच करते.

खडू_फळा

अशा बहुतेक द्रावणांत थायोयुरिया आणि एखादं आम्ल असतं. काळा थर विरघळवतात, काम झटपट होतं. पण थायोयुरिया कर्करोगाला कारण ठरू शकतं असा संशय आहे, त्यामुळे हातमोजे घाला आणि वास घेऊ नका. दागिना जास्त वेळ आत राहिला तर पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो आणि मग तो उलट लवकर काळा पडतो. पोकळ दागिन्यात द्रावण अडकून आतून खातं. नैवेद्याच्या वाटीला तर मी ते लावणारच नाही.

अमृता_एडिसन

नैवेद्याची वाटी लक्षात घेते. इथे एक फायदा मात्र आहे, हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की चांदी बरेच दिवस टिकते. आईकडे मुंबईत तीच वाटी पावसाळ्यात महिन्यात काळी.

खाडीकिनारा

दमटपणाने क्रिया वेगाने होतेच, पण मुंबईत अजून एक कारण आहे. खाडी आणि नाले. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचाच असतो. आमच्या सोसायटीत नाल्याकडच्या विंगमध्ये एसीची तांब्याची कॉइल वारंवार गळते, मेकॅनिकही हेच कारण सांगतो. तिकडच्या लोकांची देवघरातली चांदीही आमच्या आधी काळी पडते. आणि कोकणात गरम पाण्याच्या कुंडावर जाणार असाल, उन्हवऱ्याला वगैरे, तर चांदीची साखळी काढून ठेवा. कुंडातून बाहेर येईपर्यंत ती काळी झालेली असते.

पारिजातक

नथीबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून.

माझी आजी पुण्यात नथी ओवायची. मोती म्हणजे जवळपास सगळा कॅल्शियम कार्बोनेट, खडूचा सख्खा भाऊ. त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, चिंच, दही काही लावायचं नाही. आम्लाने वरचा पापुद्रा खाल्ला जातो आणि तो परत येत नाही. घामसुद्धा थोडा आम्लधर्मी असतो, म्हणून मोती काढल्याबरोबर पुसायचे. रिठ्याचं पाणीही किंचित आंबटाकडे झुकतं, त्यात भिजत घालू नका. सोड्याने किंवा टूथपेस्टने घासायचे नाहीत, मोती नखाच्या जवळपास मऊ असतात. पोवळ्यालाही हेच सगळं लागू.

साध्या पाण्यात मऊ कापड भिजवून पिळायचं, एकेक मोती पुसायचा, मग कोरडा. तारेतल्या मोत्याच्या भोकाशी मळ असेल तर कापसाची वात करून पुसा. एवढंच. पिवळेपणा आतून आला असेल, जुन्या मोत्यांना येतोच, तर तो जाणार नाही आणि घालवायच्या मागे लागू नका. नंतर नथीची तार बघा. पिळाच्या जागी तार बारीक झाली असेल तर नवीन तार घालून परत ओवून घ्या. आणि ओवणाऱ्याकडे देण्याआधी फोटो काढा, मोती मोजा. अविश्वास म्हणून नाही. कुठला मोती कुठे होता याची आठवण कुणालाच राहत नाही, ओवणाऱ्यालाही नाही.

सोनचाफा

खरे मोती की खोटे, घरी कसं ओळखायचं? दाताला घासून?

पारिजातक

दाताच्या कडेला हलकेच फिरवला तर खरा खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. पण संवर्धित मोतीही खरखरीतच लागतो, त्यामुळे बसऱ्याचा म्हणजे नैसर्गिक, की संवर्धित म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला, हे यातून कळत नाही. ते एक्स-रेवर कळतं, प्रयोगशाळेत.

नाचणी

आणि एक ग्रॅमवाल्या सेटचं काय? माझ्याकडे तेच जास्त आहेत.

गुजरीची_सून

तिथे स्वच्छता म्हणजे फक्त पुसणं. तांब्या-पितळेवर सोन्याचा मुलामा असतो, इतका पातळ की जितक्या वेळा घासाल तितका कमी होईल. रानजाईचा साज तांबडा दिसतोय म्हणजे तिथला मुलामा उडून खालचं तांबं वर आलंय. तो कशानेही "साफ" होणार नाही. पुन्हा मुलामा देऊन मिळतो, पण त्याचा खर्च आणि नव्या सेटची किंमत एकदा शेजारी मांडून बघा. कान किंवा मान खाजत असेल, लाल होत असेल, तर बहुधा निकेल आहे. असा दागिना गौरीलाच ठेवा, स्वतः घालू नका.

बंडूकाका

सोनाराकडे पॉलिशला टाकावं की नाही, ते सांगा. आमच्या वेळी सोनार अर्धं सोनं पाण्यात ठेवून घेतो म्हणत.

गुजरीची_सून

काका, आम्ही सोनारच, तरी सांगते. सासूबाई म्हणतात तेच बरोबर, समोर बसा. आधी वजन, नंतर वजन, दोन्ही कागदावर. पॉलिशच्या चाकावर थोडी घट येतेच, त्यात लबाडी नसते. पण तेजाबात (तीव्र आम्लात) बुडवून उजळून द्यायचा कुणी आग्रह धरला तर जुन्या दागिन्याला नको म्हणा, त्यात सोनं खरंच जातं. आणि शिक्के! चाकावर वारंवार धरलं की हॉलमार्कची खूण पुसट होते. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याचा नवा दागिना सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय, म्हणजे हॉलमार्कच्या ओळख क्रमांकाशिवाय, विकता येत नाही. तो क्रमांक पॉलिशला देण्याआधी टिपून ठेवा. लाखेच्या दागिन्याला चाक लावू नका, ते तापतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंतचा हिशेब देते.

पैंजण आणि तोडे फॉइलवर झाले. वास आला, सर, खिडकी उघडी असूनही नवऱ्याने विचारलं अंडी कधी उकडलीस. चुन्यासारखे पांढरे निघाले, चोळल्यावर सुंदर. कमरपट्टा फक्त धोतराच्या कापडाने चोळतेय, रोज टीव्हीसमोर थोडा थोडा. मोर वर यायला लागलाय आणि वेलीतला काळेपणा मुद्दामच केलेला आहे हे आता स्पष्ट दिसतंय. बोरमाळ पुसली. ठुशी पटवेकऱ्याकडे दिली. नथीची तार पिळाच्या जागी अगदी केसासारखी झालीय, ती उद्या ओवायला देणार, फोटो काढलेत. एक ग्रॅमचा साज धाकट्या गौरीला मागच्या बाजूने, हारांखाली.

अजून एक: मुखवटे पितळेचे आहेत, पण डोळे, भुवया आणि ओठ रंगवलेले. पितळ काळपट झालंय. चिंच लावू?

बंडूकाका

आता चिंच लावायची की नाही हे मी सांगणार नाही.

हुपरीकर

काका, इथे चिंच चालते! पितळेवरचा काळपटपणा आम्लाने निघतो. पण ताई, रंगापासून दूर. कोळ पातळ करा, कापसाच्या बोळ्याने फक्त गाल आणि कपाळावर लावा, मिनिटभराने ओल्या कापडाने पुसा, मग सोड्याच्या पाण्याने, मग कोरडं. आम्ल मागे राहिलं तर दोन दिवसांत पितळ हिरवं किंवा तांबूस होतं. डोळ्यांच्या कडेला कोरडं कापड, बाकी काही नाही. मुखवट्यावर पारदर्शक लाखेचा थर दिलेला असेल तर चिंचेचा उपयोग होणार नाही, नुसतं पुसा. रंग उडाला असेल तर घरी नेलपेंटने डोळे काढायला बसू नका, मूर्तीकाम करणाऱ्याकडे द्या.

खाडीकिनारा

आणि विसर्जनानंतर परत डब्यात ठेवताना? निम्मं काळेपण तिथेच येतं असं मला वाटतं.

खडू_फळा

बरोबर. रबरबँड काढून टाका, व्हल्कनाइज्ड रबरात गंधक असतो, साखळीवर जिथे रबर तिथे काळा पट्टा उमटतो. वर्तमानपत्र नको, लोकर नको. चांदी कोरडी करून सुती कापडात आणि मग हवाबंद झिपच्या पिशवीत, एका पिशवीत एकच दागिना. आत खडूचा तुकडा किंवा सिलिका जेलची पुडी टाका, दमटपणा खेचते. साधं मीठ पुडीत बांधून ठेवायचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका, क्षाराने चांदीवर वेगळेच डाग येतात.

गुजरीची_सून

आमच्याकडचा तो गुलाबी कागदही कायमचा ठेवू नका. दुकानातून घरी नेण्यापुरता तो ठीक. दमट लॉकरमध्ये त्याचा रंग मोत्यांना लागतो.

पारिजातक

मोती मात्र झिपच्या पिशवीत नकोत, मऊ मलमलीत गुंडाळून वेगळे. फार कोरड्या जागी वर्षानुवर्षं बंद राहिले तर तडकतात. संक्रांतीला, दसऱ्याला बाहेर काढून घाला.

रानजाई

गौरीच्या अंगावरून काढताना हळदी-कुंकू आणि फुलांचा चीक पुसूनच ठेवायचं ना सगळं?

हुपरीकर

हो. आणि मुळात अत्तर, धूप, कापूर दागिन्यांपासून हातभर लांब. विसर्जनाच्या दुपारी घाईत डब्यात कोंबू नका. संध्याकाळी माणसं गेल्यावर पंचावर पसरा, एकेक पुसा, रात्रभर कोरडं होऊ द्या, सकाळी भरा. कमरपट्टा घडी घालून ठेवू नका, कड्यांवर ताण येतो; गोल गुंडाळा. आणि कुठला दागिना कशाचा, कुठे लाख आहे, कशाला पाणी चालतं, ते कागदावर लिहून डब्यातच ठेवा. पुढच्या वर्षी सासूबाईंना फोन करायला नको.